आरशातली ओळ

आधी ओळ वाचू. एए, जीजीजी, ए, जी, एए. मग एक मोकळी जागा. मग चार वेळा जी, मग टीएटीए, पुन्हा चार वेळा जी. पुन्हा एक मोकळी जागा, आणि शेवटी एए, जी, ए, जीजीजी, एए. मोकळ्या जागा धरून बत्तीस अक्षरं. मधली टीएटीए ही चार अक्षरं वगळली तर उरलेली ओळ डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच ऐकू येते. अट एकच: दोन्ही मोकळ्या जागांत एकच अक्षर भरलेलं असावं.

डीएनएची ही ओळ निसर्गातून उचललेली नाही, प्रयोगशाळेत जुळवलेली आहे. १९८७ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका छोट्या शोधनिबंधाचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. निबंधावर सहा जणांची नावं आहेत. पहिलं सर्गेई मिरकिन यांचं, शेवटचं माक्सिम फ्रांक-कामेनेत्स्की यांचं. दोघेही तेव्हा मॉस्कोच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ मोलेक्युलर जेनेटिक्स'मध्ये होते. शोधनिबंधाचं रसग्रहण करायला बसणं काहींना विचित्र वाटेल. पण घाट, नेमकेपणा, एक शब्द बदलला तर काय कोसळतं याची जाण, हे सारं जिथे आहे तिथे रसिकाने थांबायला हरकत नसावी. मिरकिन यांची पुढची सगळी कारकीर्द मला या बत्तीस अक्षरांच्या दीर्घ वाचनासारखी वाटते. ते वाचन अजून संपलेलं नाही.

'चिमा काय कामाची' हा खेळ मराठी घरांतल्या मुलांना कुणी शिकवावा लागत नाही. उलटं वाचलं तरी तेच. जीवशास्त्रज्ञही अशा रचनेची भाषा बोलतात, पण त्यांची नेहमीची उलटसुलट ओळ वेगळी असते. डीएनएला दोन पेड असतात आणि ते विरुद्ध दिशांनी धावतात. एका पेडावर ए असला की समोर टी, जी असला की समोर सी. 'जीएएटीटीसी' ही सहा अक्षरं घ्या. त्याच पेडावर उलटी वाचली तर 'सीटीटीएएजी' होतात, म्हणजे चिमा काही कामाची राहिली नाही. पण समोरच्या पेडावर, त्याच्या दिशेने वाचलं तर पुन्हा 'जीएएटीटीसी' मिळतं. जनुक-अभियांत्रिकीत रोज वापरलं जाणारं 'इकोआरवन' हे कात्रीसारखं विकर नेमकी हीच सहा अक्षरं ओळखून कापतं. मॉस्कोच्या मंडळींची ओळ या जातीची नव्हती. ती खरोखर चिमाच्या जातीची होती: एकाच पेडावर, आरशात पाहिल्यासारखी. जीवशास्त्रात अशा रचनेला तोपर्यंत फारसं कुणी विचारत नव्हतं, कारण ती कोणतं काम करते हेच ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे अशा रचनांची परंपरा मोठी आणि तिची हेटाळणीही तितकीच जुनी. भारवी आणि माघ यांनी महाकाव्यात एकेक सर्ग अशा कसरतींना दिला. सोळाव्या शतकात गोदाकाठच्या पार्थपूरच्या, म्हणजे आजच्या पाथरीच्या, दैवज्ञ सूर्यकवीने 'रामकृष्णविलोमकाव्य' रचलं. सुलटं वाचलं तर रामकथा, उलटं वाचलं तर कृष्णकथा. हा माणूस ज्योतिषी आणि गणिती होता, त्याने 'लीलावती'वर टीका लिहिली, हे कळल्यावर त्या काव्याचं नवल थोडं कमी होतं आणि आदर वाढतो. मम्मट या काव्यशास्त्रकाराने मात्र अशा चित्रकाव्याला खालच्या पायरीवर बसवलं. त्याचं म्हणणं सोपं होतं: काव्याचा प्राण व्यंग्यार्थात असतो, अक्षरांच्या मांडणीत नव्हे.

डीएनएच्या बाबतीत शास्त्रज्ञही अनेक वर्षं मम्मटाच्याच बाजूचे होते. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी दुपेडी गोफ मांडला, पुढच्या दशकात जनुकीय संकेत उलगडला, आणि सगळं लक्ष अर्थाकडे गेलं. कोणती तीन अक्षरं कोणतं अमिनो आम्ल सांगतात, हे महत्त्वाचं. गोफाचा आकार ठरलेलाच, सगळीकडे एकसारखा, उजवीकडे वळणारा. कागद कसा दुमडला आहे याची चौकशी कोण करतो? पहिला धक्का १९७९ साली बसला. अलेक्झांडर रिच यांच्या चमूने डीएनएच्या एका लहानशा तुकड्याचा स्फटिक तपासला आणि त्यातला गोफ चक्क डावीकडे वळलेला निघाला. मिरकिन यांनी २००८ मध्ये या काळाचा एक आढावा लिहिला आणि शीर्षकातच १९७९ ते १९८९ या दशकाला वीरांचं दशक म्हटलं. स्वतः ज्यात लढलो त्या लढाईला असं नाव देणं जरा धारिष्ट्याचं. पण वाचताना राग येत नाही, कारण त्या काळात खरंच दर वर्षा-दोन वर्षांनी डीएनएचं एखादं नवं रूप उजेडात येत होतं.

मॉस्कोच्या त्या संस्थेला स्वतःचा एक इतिहास आहे आणि तो या कथेत उपरा नाही. १९४८ नंतर, जनुकशास्त्रच नाकारणाऱ्या लिसेन्कोच्या दहशतीत सोव्हिएत जनुकशास्त्राचं कंबरडं मोडलं होतं. १९५८ मध्ये कुर्चातोव्ह यांच्या अणुऊर्जा संस्थेत किरणोत्सर्ग-जीवशास्त्राचा एक विभाग उघडला गेला. अणुबॉम्ब बनवणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांच्या पंखाखाली जनुकशास्त्रज्ञांना आसरा मिळाला, असंच म्हणायचं. त्या विभागातून १९७८ मध्ये ही स्वतंत्र संस्था झाली. तिथले एक वडीलधारे संशोधक रोमान खेसिन. १९४८ च्या सपाट्यात नोकरी गमावलेले, आणि अखेरच्या वर्षांत जीनोमच्या अस्थैर्यावर जाडजूड ग्रंथ लिहिणारे. जीनोम म्हणजे दगडावरचा लेख नव्हे, त्यातली अक्षरं हलतात, वाढतात, गळतात, हा त्या ग्रंथाचा विषय. ज्या इमारतीत हे पुस्तक लिहिलं गेलं, तिथेच ही आरशातली ओळ जुळवली गेली. याला मी प्रभाव म्हणणार नाही, हवा म्हणेन. फ्रांक-कामेनेत्स्की मूळचे भौतिकशास्त्राचे. त्यांचं डीएनएवरचं लोकप्रिय रशियन पुस्तक तेव्हा नुकतंच आलेलं होतं, आणि रेणूकडे दोरी म्हणून, पिळाची वस्तू म्हणून पाहण्याची नजर त्यांच्याकडे होती.

ती नजर नसती तर पुढची गोष्ट घडली नसती. काही प्रयोगशाळांना एक कोडं छळत होतं. एस-वन नावाचं विकर फक्त सुट्या, एकपेडी डीएनएला चावतं. पण काही ठिकाणी ते धडधाकट दुपेडी डीएनएलाही चावत होतं. हे चावे पडायचे ते एका पेडावर नुसते ए आणि जी, समोरच्यावर नुसते टी आणि सी, अशा पट्ट्यांवर. सागरी अर्चिन या काटेरी प्राण्याच्या हिस्टोन जनुकांजवळ अशी एक पट्टी होती, नुसती जीए-जीए-जीए. स्पष्टीकरणं बरीच सुचवली गेली. व्हिक्टर ल्यामिचेव्ह, मिरकिन आणि फ्रांक-कामेनेत्स्की यांनी १९८५ मध्ये त्याच पट्टीवर काम केलं आणि दाखवलं की आम्लता वाढवली की या पट्टीचा आकारच बदलतो.

कसं दाखवलं, ते सांगायलाच हवं, कारण कारागिरी तिथे आहे. जिवाणूंमधला वर्तुळाकार डीएनए पिळलेला असतो, तोही गोफाच्या नैसर्गिक वळणाच्या उलट दिशेने. जास्त पिळलेलं वर्तुळ आखडतं आणि जेलीतून वेगाने धावतं. सैल वर्तुळ रेंगाळतं. वेगवेगळ्या पिळांची वर्तुळं जेलीच्या एका कोपऱ्यातून सोडायची आणि विजेच्या दाबाने एका दिशेला पळवायची. मग जेली काटकोनात फिरवून पुन्हा पळवायची, पण या वेळी क्लोरोक्विन घालून. मलेरियाच्या गोळीतलंच हे औषध डीएनएच्या पायऱ्यांमध्ये घुसतं आणि पीळ सैल करतं, त्यामुळे विचित्र आकार मोडतात. शेवटी जेलीवर ठिपक्यांची एक सुबक कमान उमटते. कुठेतरी ती कमान तुटते, पुढचे ठिपके मागे ढकलले जातात. त्या एका ठिकाणी, पिळाच्या त्या एका मापाला, पट्टीने आपला आकार बदलून वर्तुळाचा ताण सैल केलेला असतो. सूक्ष्मदर्शकाने काही पाहिलेलं नाही, रेणूचा फोटोही नाही. ठिपक्यांच्या रांगेतल्या एका खंडावरून आकार ओळखायचा. ही वाचनाची जात मला फार आवडते.

आकार कोणता? पट्टी अर्ध्यावर उघडते. टी-सी असलेल्या पेडाचा अर्धा भाग सुटतो, मागे वळतो आणि उरलेल्या दुपेडी भागाच्या खोबणीत जाऊन बसतो. तिथे तीन पेड एकत्र नांदतात. वेणीचे तीन पेड एकमेकांत गुंफलेले असतात. इथे तिसरा पेड नुसता खोबणीत निजतो, आपल्या जोडीदाराच्या कुशीला कुशी लावून. ही जोडणी हूगस्टीन नावाच्या डच शास्त्रज्ञाने दाखवलेल्या वेगळ्या पद्धतीची असते. सी हे अक्षर तिथे नीट बसावं म्हणून त्याला एक हायड्रोजन आयन धारण करावा लागतो. आम्लता लागते ती त्यासाठीच, आणि या रूपाला 'एच' हे नाव मिळालं तेही त्यावरून. ज्या एजी-पेडाचा जोडीदार पळून गेला तो अर्धा भाग मात्र उघडाच राहतो. एस-वन त्यालाच चावत होतं.

आता १९८७ ची बत्तीस अक्षरं. तिसरा पेड जेव्हा मागे वळतो तेव्हा त्याचं पहिलं अक्षर दुसऱ्या अर्ध्या भागातल्या शेवटच्या अक्षरासमोर येतं, दुसरं उपान्त्यासमोर, आणि असंच मधोमध येईपर्यंत. तिसरा पेड जागेवर बसायचा असेल तर ए समोर टी आणि जी समोर सी आलेच पाहिजेत. याचा अर्थ एजी-पेड आरशातला असायला हवा. तर्क निघाला, पण कागदावरच्या तर्काला रेणू मानेलच असं नाही. म्हणून दोन मोकळ्या जागा. दोन्हींत ए, दोन्हींत जी, एकात ए नि दुसऱ्यात जी, एकात जी नि दुसऱ्यात ए: चार ओळी. पहिल्या दोन आरशातल्या, शेवटच्या दोन मोडलेल्या. बाकी सगळं सारखं. शेवटच्या दोघींत तर अक्षरंही तीच, फक्त अदलाबदल झालेली. निकाल असा की आरशातल्या ओळी कमी पिळावर, सहज 'एच' रूप घेतात आणि मोडलेल्या ओळी कसनुशा होतात, त्यांना जास्त ताण लागतो.

बत्तीसातलं एकच अक्षर. मम्मटाचा आक्षेप इथे लागू पडत नाही, कारण अर्थ बदललाच नव्हता. या ओळीला प्रथिनाच्या भाषेत अर्थच नव्हता. मांडणी बदलली आणि रेणूचा घाट बदलला. शीर्षकात दावाही तेवढाच आहे: 'एच' रूपाला आरसा लागतो. आरसा असला की पुरे, असं तिथे कुणी म्हटलेलं नाही. या संयमावर माझा जीव आहे. प्रयोगाच्या कुशीत मोठ्या घोषणा लपवण्याची सवय विज्ञानलेखकांना फार. इथे चार ओळी आणि ठिपक्यांच्या चार कमानी, बस. उणीव सांगायची तर एकच, आणि ती समकालीनांनीही बोट ठेवून दाखवली होती: पेशीत एवढी आम्लता कुठून यायची? पुढच्याच वर्षी कोही आणि कोही-शिगेमात्सु यांनी दाखवलं की मॅग्नेशियमच्या साथीने एजी-पेडही मागे वळून तिपेडी करू शकतो, त्याला आम्लता नको. शंका सौम्य झाली, मिटली नाही.

नंतरची काही वर्षं भराभर सांगता येतील. सोव्हिएत संघ मोडत असताना मिरकिन अमेरिकेत गेले. आधी शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात, मग २००७ पासून बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात. फ्रांक-कामेनेत्स्कीही बोस्टनला आले. १९९५ मध्ये दोघांनी मिळून तिपेडी डीएनएवर लिहिलेला मोठा आढावा आजही या विषयाच्या दारावरची पाटी आहे.

दरम्यान मानवी जनुकशास्त्रात एक वेगळंच नाट्य सुरू झालं होतं. १९९१ मध्ये फ्रॅजाइल एक्स या मतिमंदत्वाच्या आजाराचं मूळ सापडलं, आणि ते नेहमीच्या उत्परिवर्तनासारखं नव्हतं. एक अक्षर चुकलेलं नव्हतं. सीजीजी ही तीन अक्षरं पुन:पुन्हा लिहिली जाऊन शेकड्यांनी वाढली होती. मग मायोटॉनिक डिस्ट्रॉफी, १९९३ मध्ये हंटिंग्टनचा आजार. घराण्यात पिढीगणिक आजार लवकर आणि तीव्र का होत जातो, या जुन्या कोड्याचं उत्तर इथे होतं: पुनरावृत्ती लांबत जाते. १९९६ मध्ये फ्रीडरायख अटॅक्सियाचा नंबर लागला. हायडेलबर्गच्या निकोलाउस फ्रीडरायख यांनी १८६३ मध्ये वर्णन केलेला हा आजार. मुलांच्या चालण्यातला तोल जातो, वाचा अडखळते, हृदयावरही घाव पडतो. दोष सापडला फ्रटॅक्सिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात, तोही कापून फेकल्या जाणाऱ्या पहिल्या इंट्रॉनमध्ये. निरोगी माणसात तिथे जीएए ही तीन अक्षरं फार तर तीसेक वेळा येतात; रुग्णांत बहुधा सहाशे ते नऊशे वेळा.

जीएएजीएएजीएए. एका पेडावर नुसते ए आणि जी. कुठूनही वाचा, आरशातलं. मॉस्कोत ज्या घाटाची ओळ अभ्यासासाठी जुळवली होती, तोच घाट माणसाच्या रक्तात आजार होऊन बसलेला निघाला. आणि गोष्ट तिथेही थांबली नाही. २०१९ मध्ये उतारवयात तोल हिरावून घेणारा 'कॅनव्हास' नावाचा आजार आरएफसीवन या जनुकातल्या वाढलेल्या पुनरावृत्तीशी जोडला गेला. ती पुनरावृत्ती एएजीजीजी अशी आहे, म्हणजे १९८७ च्या त्या ओळीची पहिली पाच अक्षरं, तीही त्याच क्रमाने. यात योगायोगाशिवाय काही नाही, पण अशा योगायोगाला दाद न देणारा रसिक मला भेटायला नको. गंमत अशी की याच जागी बहुतेकांमध्ये एएएएजी ही पुनरावृत्ती असते. तीही आरशातली, तीही शुद्ध ए-जीची, पण ती लांबली तरी हा आजार होत नाही. आरसा लागतो, तेवढ्याने भागत नाही. जी किती आहेत यावरही खूप काही ठरतं. मिरकिन यांच्या गटाने २०२४ मध्ये एएजीजीजीच्या विचित्र आकारांमुळे डीएनएची नक्कल अडखळते, हे मांडलं.

नक्कल अडखळणं हा त्यांच्या दुसऱ्या पर्वाचा स्थायीभाव. पेशी दुभंगण्याआधी डीएनएचे दोन पेड उलगडत जातात आणि प्रत्येकावर नवा जोडीदार विणला जातो. ती फाट पुढे सरकत असते. वाटेत विचित्र आकार आडवा आला तर? १९९७ मध्ये मिरकिन यांच्या गटाने जिवाणूत दाखवलं की सीजीजी आणि सीटीजी यांच्या लांब पट्ट्यांजवळ फाट खरोखर थबकते, आणि पुढे यीस्टमध्ये जीएएबाबतही तेच. साधन पुन्हा दोन दिशांची जेली, पण वेगळ्या वाणाची: ब्रूअर आणि फँगमन यांनी १९८७ मध्येच दिलेली. फाटीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा. पुढे सरकणाऱ्या सगळ्या वाय मिळून जेलीवर एक कमान काढतात आणि फाट जिथे थबकते तिथे कमानीवर काळा गड्डा जमतो. ज्या माणसाने आधी तुटलेली कमान वाचली, त्याने आता गड्डा वाचला. कारकिर्दीत अशा सवयी असतात आणि त्या दडवू नयेत.

माझ्या दृष्टीने मात्र त्यांची दुसरी अस्सल कलाकृती २००९ ची आहे. जीएए पट्ट्या लांबतात कशा, हे पाहायचं तर ती दुर्मीळ घटना लाखो पेशींतून हुडकायला हवी. त्यासाठी सापळा लागतो. यीस्टमध्ये युराथ्री नावाचं जनुक आहे. ते चालू असताना ५-एफओए हे रसायन पेशीला विष होतं, बंद असताना निरुपद्रवी. मिरकिन आणि सहकाऱ्यांनी हे जनुक मधोमध तोडून त्यात एक इंट्रॉन घातला आणि इंट्रॉनच्या पोटात जीएएची पट्टी. यीस्टच्या कापणीयंत्रणेला मोठे इंट्रॉन झेपत नाहीत. पट्टी मूळच्या लांबीची असेल तर इंट्रॉन नीट कापला जातो, जनुक चालतं आणि ५-एफओएवर पेशी मरते. पट्टी एकदम वाढली तर इंट्रॉन मापाबाहेर जातो, जनुक बंद पडतं आणि पेशी जगते. ज्या पेशीत आजाराची घटना घडली तीच तेवढी वाढून ताटलीवर ठिपका होऊन दिसते. आणि पट्टी ठेवली कुठे? इंट्रॉनमध्येच, जशी ती माणसात असते. सापळ्यातही मूळ प्रसंगाची छाया पाळणं ही अभिरुचीची बाब आहे. काम तर साध्या रचनेनेही भागलं असतं.

सापळ्याने सांगितलं की पट्टी जितकी लांब, तितकी वाढण्याची शक्यता नुसती जास्त नव्हे, झपाट्याने जास्त. फाट सांभाळणारी टॉफवन आणि सीएसएमथ्री ही प्रथिनं काढून टाकली की वाढ वाढते. रॅडसिक्स, रॅडफाइव्ह आणि एसजीएसवन काढली की घटते. म्हणजे दुरुस्ती करणारे हातच गडबड करत होते. आणि सर्वांत मोलाचं ते यापुढे. फाट थबकते की नाही हे पट्टी कोणत्या दिशेला तोंड करून बसली आहे यावर कमालीचं अवलंबून होतं. पण पट्टी वाढते की नाही, याला दिशेशी जवळजवळ देणंघेणं नव्हतं. बारा वर्षं ज्या थबकण्याचा पाठपुरावा केला, ते वाढीचं साधं कारण म्हणून पुरेसं नाही, हे त्यांच्याच आकड्यांनी सांगितलं. निबंधाच्या सारांशात हे वाक्य ठळकपणे आहे, तळटीपेत ढकललेलं नाही. मग त्यांनी दुसरी कल्पना मांडली: फाट पट्टीतून जात असताना नवा पेड आपला साचा सोडून दुसऱ्या साच्यावर उडी मारतो आणि परतताना जास्तीच्या पुनरावृत्त्या घेऊन येतो.

इथे माझी एक तक्रार आहे. या विषयातल्या सगळ्याच आढाव्यांत, मिरकिन यांच्याही, अशा उड्यांची चित्रं असतात: बाण, वळसे, फुगवटे, रंगीत पेड. चित्रं देखणी असतात आणि कशालाही बसतात. पट्टी वाढते तेही समजावतात, आकसते तेही. १९८७ च्या त्या चार ओळींचा दरारा असा होता की तिथे निकाल उलटा आला असता तर सगळं कोसळलं असतं. उड्यांच्या चित्रांना तो धोका पत्करावा लागत नाही. २०२० मध्ये त्यांच्या गटाने जीएए पट्ट्यांचं आकसणं हाताळलं तेव्हा मात्र जुना कस पुन्हा दिसला. पट्टी तिपेडी होऊ शकते म्हणूनच नक्कल होताना मोठे तुकडे गळतात, असं त्यांनी मांडलं.

२०२१ मध्ये आणखी एक वळण आलं. तोवर सगळा कथाभाग पेशी दुभंगताना घडत होता. पण फ्रीडरायखच्या रुग्णांत जीएए पट्ट्या वयानुसार लांबत जातात त्या कण्याजवळच्या संवेदी चेतागुच्छांत, आणि तिथल्या चेतापेशी कधीच्या दुभंगायच्या थांबलेल्या असतात. नक्कल नाही, फाट नाही, उडी मारायला नवा पेड नाही. मग वाढ कशी? मिरकिन यांच्या चमूने यीस्टच्या पेशी दुभंगू न देता नुसत्या म्हाताऱ्या होऊ दिल्या आणि पट्टीवर नजर ठेवली. पट्टी तिथेही स्थिर राहिली नाही, तिचे मोठे तुकडे गळायला लागले. म्हणजे थांबलेल्या यीस्टमध्ये पट्टीचा कल आकसण्याकडे, आणि माणसाच्या थांबलेल्या चेतापेशीत लांबण्याकडे. दोन्हीकडे तीच जीएए, तोच तिपेडी होण्याचा स्वभाव, आणि दिशा उलट्या. दुरुस्तीचे हात दोन्हीकडे वेगळे असतील, की चेतापेशीत पट्टीभोवती गुंडाळलेली प्रथिनं वेगळी असतील, याचा निर्णय यीस्टच्या ताटलीवर होणार नाही. त्यासाठी माणसाच्या पेशींतच सापळे लावावे लागतील, आणि तिथे एखादी पेशी जगली म्हणून ठिपका वाढत नाही.